नवव्या बांधावरचं पाणी

तक्रार क्रमांक ४११७ मी दोनदा ऐकली. आधी डाव्या कानानं, थेट बाहेरच्या खोलीतून. मग अर्ध्या मिनिटानं उजव्या कानातल्या यंत्रातून.

"म्हसोबाची टेकडी. नववा बांध. दगड पोकळ वाजतोय. तिसऱ्यांदा सांगतोय. विलास हिंगमिरे."

विलास हिंगमिरे म्हणजे माझे सासरे, नाना. फोन ठेवून ते बाहेर पायाची नखं कापत बसले होते, त्याचा कट् कट् आवाज येत होता. ठकी माझ्या खांद्यावर झोपली होती. तिचं खरं नाव शाल्मली, पण दहा महिन्यांच्या गोल चेहऱ्याला एवढं लांबलचक नाव अजून बसत नाही. ती झोपली की माझं ऑफिस सुरू होतं आणि ती उठली की सुटतं. मधल्या वेळात मी एका हातानं शहराच्या तक्रारी वाचते.

वाचते म्हणजे ऐकते. टेकड्या, नाल्याकाठच्या पायवाटा, बागा यांच्याबद्दल लोक फोनवर बोलतात. पायरी निखळलीय, कुंपणाची तार वर आलीय, वाळकी फांदी लोंबतेय, घसरगुंडीचा पत्रा तापतो. मी ती तक्रार भूश्रुतीच्या आकड्याशी ताडून पाहते आणि शिक्का मारते. शिक्के दोनच: 'प्रत्यक्ष पाहणी' किंवा 'निराधार'.

भूश्रुतीबद्दल थोडं सांगायला हवं. पावसाळ्यात उगवते ती छत्री म्हणजे बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी जमिनीखाली असते, केसाहून बारीक धाग्यांचं मैलोन्‌मैल पसरलेलं जाळं. हे धागे झाडांच्या मुळांना बिलगून राहतात, त्यांना पाणी पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. त्यांच्यातून विजेचे अगदी क्षीण ठोके धावतात. संशोधकांच्या लक्षात आलं ते एवढंच, की जमिनीवर ताण आला, ती सरकू लागली, की धागा तुटायच्या कितीतरी आधी या ठोक्यांची लय बिघडते. मग टेकड्यांवर पेन्सिलीएवढ्या सळया पुरल्या गेल्या. त्या ठोके मोजतात आणि भूश्रुती ही संगणक यंत्रणा त्यांची लय ताडून पाहते. लय शांत असेल तर जमीन पक्की, अडखळली तर धोका. पहिल्या दोन वर्षांत तिनं तीन दरडी कोसळायच्या आधी ओळखल्या. एका दरडीखाली अंगणवाडी होती. तेव्हापासून या शहरात भूश्रुतीचा शब्द शेवटचा.

मग माणसांच्या तक्रारींचं काय करायचं, हा प्रश्न आला. लोक काहीही सांगायचे. एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कुत्र्याला अकरा वेळा बिबट्या केलं होतं. म्हणून नियम झाला: एका तिमाहीत तीन तक्रारी निराधार ठरल्या की तो नंबर वर्षभर 'विश्रांती यादीत'. फोन लागतो, गोड आवाजात आभारही मानले जातात, पण ऐकत कुणीच नाही.

नानांच्या पहिल्या दोन तक्रारी निराधार ठरल्या होत्या. दोन्ही शिक्के मी मारले होते.

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं मी बागा बघते. टेकड्या माझ्याकडं येऊन चार महिने झाले होते. आधी सांगायचं राहून गेलं, आणि पहिला शिक्का मारल्यावर सांगायचं टाळलं गेलं. शिवाय नियमानं घरच्या माणसाची तक्रार दुसऱ्या वाचकाकडं द्यायची असते. मी दिली नाही. कारण सांगते. नववा बांध म्हणजे टेकडीच्या वरच्या वळणावरचा, उतार धरून ठेवणारा दगडी बांध. त्याच्या माथ्यावर आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं झाड आहे, काटेसावरीचं. त्या गेल्या त्या वर्षी नानांनी लावलं. ठकी झाली तेव्हा त्याच झाडाच्या संस्कृत नावावरून तिचं नाव ठेवलं, शाल्मली. भूश्रुतीच्या नकाशावर अख्ख्या टेकडीत सगळ्यात शांत ठिकाण कुठलं, तर नववा बांध. मला वाटलं, पोकळ वाजतंय ते नानांच्या आत. अनोळखी वाचकानं त्यांना निराधार म्हणण्यापेक्षा मीच म्हटलेलं बरं.

आता तिसरी आली होती. दोन दिवसांत शिक्का मारणं भाग होतं.

"स्वरदा," बाहेरून नाना म्हणाले, "तुमच्या त्या हापिसात कुणीतरी मठ्ठ बाबू बसवलाय बघ. दगड पोकळ वाजतोय म्हणतोय मी, तर म्हणतो निराधार! त्याला आधार काय असतो ते म्हाईत तरी आहे का?"

"असेल हो नाना, नवीन असेल."

"नवीन? मग घरी बसव म्हणावं. पोरं सांभाळ म्हणावं."

ठकीनं झोपेतच माझे केस ओढले.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "मी पण येते टेकडीवर."

नानांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू डेपोत न सांगता तपासणीचं पथक आलंय. "तू? येवढ्या सकाळी?"

"का, टेकडी काय तुमच्या एकट्याची आहे?"

"एकट्याची नाही. माझी आणि ठकीची."

नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं होते. रिटायर होताना सगळे शाल-नारळ घेऊन येतात, हे टायर ठोकायची सळई घेऊन आले. गाडी सुटायच्या आधी प्रत्येक टायरवर सळई मारायची, 'ठण्ण' वाजलं तर हवा आहे, 'भद्द' वाजलं तर गाडी थांबवायची. टेकडी चढताना ती सळई त्यांच्या हातात काठीसारखी असते आणि पाठीला ठकीची झोळी. वाटेतला प्रत्येक बांध ठोकत जातात. पहिला, ठण्ण. दुसरा, ठण्ण. ठकी प्रत्येक ठोक्याला पाय झाडत होती. तिच्या अंगवळणी पडलं होतं हे सगळं, आणि मला पत्ताच नव्हता.

आमच्या टेकडीची एक रीत आहे. चढणारा प्रत्येक जण पाण्याची बाटली घेऊन येतो, स्वतःला प्यायला नव्हे. ज्यानं जे झाड लावलंय किंवा दत्तक घेतलंय त्याला तो घालतो. उन्हाळ्यात ही टेकडी हिरवी राहते ती या बाटल्यांवर. वरच्या वळणाशी पोचलो तर तिथं दहा-बारा जण थांबलेले. मोमीन सर, नानांचे टेकडीवरचे मित्र, गणिताचे निवृत्त शिक्षक, आपल्या बाटलीचा तळ काटेसावरीच्या बुंध्याशी रिकामा करत होते.

"या सूनबाई! वहिनींच्या झाडाला आमचा रोजचा सलाम असतो. स्वतःच्या झाडाला घालून उरलेलं दोन घोट पाणी इथं. नानांनी एकदा सांगितलं, आम्ही मोडलं नाही."

"रोज?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही."

"किती जण?"

"चाळीस-बेचाळीस धरा."

नाना बांधाच्या तोंडाशी उकिडवे बसले. "आता ऐक." त्यांनी आठव्या बांधावर सळई मारली. ठण्ण. मग नवव्यावर. भद्द.

मी त्यांच्या हातातून सळई घेतली आणि स्वतः ठोकून पाहिलं. आवाज मेलेला होता. ओल्या गादीवर मारल्यासारखा. हे नानांच्या आतलं नव्हतं. दोन महिने मी ज्याला दुःख समजत होते तो एक साधा, खरा, मोजता येणारा आवाज होता.

मग मी मान वर करून पाहिलं. मे महिना. सगळी टेकडी उन्हानं करपलेली, गवताची काडी न् काडी पिवळी. आणि नवव्या बांधाच्या माथ्यावर, काटेसावरीभोवती, घोंगडीएवढा हिरवागार तुकडा. दगडांच्या सांध्यांत शेवाळ. मे महिन्यात शेवाळ!

तिथंच उमगलं. चाळीस माणसं, दोन-दोन घोट, दिवसाला आठ-दहा लिटर, एकाच ओंजळभर जागी, दोन वर्षं. पाणी बांधामागच्या मुरमात उतरत होतं आणि दगडांच्या फटींतून बारीक माती घेऊन निघून जात होतं. बांध आतून पोखरला जात होता. पण वरच्या वीतभर थरात बुरशीला मात्र रोजची मेजवानी. तिचे धागे तिथं असे गच्च विणले गेले होते की वरची माती लोकर दाबून केलेल्या नमद्यासारखी एकसंध झालेली. भूश्रुती त्या नमद्याचे ठोके मोजत होती. तृप्त, शांत, संथ ठोके. खालचं कुणी ऐकलंच नव्हतं. नानांच्या सळईशिवाय.

आणि याच नमद्यावर उभं राहून नाना रोज ठकीला आजीचं झाड दाखवत होते.

"नाना, तिथून खाली या आधी," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण ठकी रडायला लागली.

---

खालच्या बाकावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ठकी माझ्या मांडीवर दूध पीत होती, त्यामुळं मला उठून पळताही येत नव्हतं. पाण्याचं सांगितलं, बुरशीचं सांगितलं. नाना सळईनं जमिनीवर रेघोट्या मारत ऐकत होते.

"म्हणजे बांध मी पाडला," ते म्हणाले.

"तुम्ही नाही हो. सगळ्यांनी मिळून."

"सगळ्यांना सांगितलं कुणी?" नाना म्हणाले, "तीस वर्षं ब्रेक तपासले मी. टाकी कुठं गळतेय ते वासावरून सांगायचो. आणि रोज स्वतःच्या हातानं पाणी वततोय, ते दिसलं नाही मला."

"नाना, अजून एक आहे."

"अजून?"

"तो मठ्ठ बाबू मीच आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ठकीकडं. मग टेकडीकडं. मला वाटलं आता उठून जातील.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. मला वाटलं, आईंची आठवण येते म्हणून तुम्हाला..."

"येते की," नाना म्हणाले. "रोज येते. पण त्यानं कान बिघडत नाही, पोरी." आणि मग त्यांना आपलंच वाक्य आठवलं असणार, कारण ओठाच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं. "आणि मी म्हणालो, घरी बसव, पोरं सांभाळ म्हणावं. तर तू तेच करत होतीस."

मला रडू आलं. त्यांनी खिशातला रुमाल दिला, त्याला ग्रीसचा वास होता. कशाचं ग्रीस, रिटायर होऊन बारा वर्षं झाली, देव जाणे.

---

घरी येऊन मी विभागप्रमुख कुलथे मॅडमना फोन लावला, पाण्याचं, नमद्याचं, सळईचं सगळं सांगितलं आणि वाट बंद करायची विनंती केली.

"हिंगमिरे, नववा बांध तर आपला आदर्श बांध आहे. प्रशिक्षणात त्याचा आलेख दाखवतो आपण. आणि हे तक्रारदार, विलास हिंगमिरे... तुमचे कोण?"

"सासरे."

मग, "आधीच्या दोन?"

"मीच बंद केल्या. चुकीच्या बंद केल्या. त्याबद्दल जे करायचं ते करा, पण वाट बंद करा मॅडम."

"ते करणारच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरची तक्रार यापुढं तुमच्याकडं येणार नाही, आणि लेखी खुलासा मला उद्या हवाय. आता वाटेचं. भूश्रुती शांत असताना मी एका सळईवर वाट बंद केली तर उद्या वर मी काय सांगू? माझे हात बांधलेले आहेत. पण तुम्ही म्हणता ते खरं असेल तर ते तपासता येईल. पाणी थांबवा. नमदा सुकला की ठोके खालपर्यंतचं खरं सांगतील. दहा दिवस. आकडा हलला तर त्याच क्षणी बंद करते, आणि ही तक्रार तोवर उघडी ठेवते."

दहा दिवस पाणी थांबवायचं. मे महिन्यात. दोन वर्षांच्या झाडाचं.

मी नानांना सांगितलं तेव्हा ते ठकीला वरण-भात भरवत होते. भरवत राहिले. घास, मग घास, मग घास.

"जगेल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

त्यांनी ठकीचं तोंड पुसलं. "काटेसावर आहे. दांडगं झाड. आणि तुझ्या सासूला, शैलजाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्या झाडापायी कुणाच्या पोराला लागलं तर पुन्हा तोंड दाखवू नका." मग ठकीला म्हणाले, "काय ठके? तुझी आजी अशीच होती. खाष्ट."

---

दुसऱ्या दिवसापासून नाना पहाटे उजाडता उजाडता नवव्या बांधाशी जाऊन उभे राहू लागले. वळणावर दोरी बांधली, सळई आडवी धरली आणि येईल त्याला वरच्या मेंढरांच्या वाटेनं पाठवू लागले. ठकीला नेलं नाही. चौथ्या दिवशी मी तिला घेऊन खालच्या बाकापर्यंत गेले. वरचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"अहो नाना, दोन घोट तर आहे! वहिनींना तहान लागली असेल."

"लागू दे."

"तुम्हीच सांगितलं होतं ना घाला म्हणून?"

"आता मीच सांगतोय नको म्हणून. माणसाला सुधारायला वाव देता का नाही?"

मोमीन सरांनी बाटलीचं झाकण लावलं. मग सतरंजी आणली आणि दोरीच्या अलीकडं नानांशेजारी बसले. "एकट्यानं पहारा देऊ नये," ते म्हणाले. "झोप लागते. मी तुम्हाला पाढे विचारतो."

झाडाची पानं दोन दिवसांत लोंबली. पाचव्या दिवशी कडा तपकिरी झाल्या. नाना घरी येऊन जेवायचे आणि ठकीशेजारी आडवे व्हायचे. ती त्यांच्या छातीवर चमचा आपटायची, मग कान लावायची. हे तिनं कुठं पाहिलं ते वेगळं सांगायला नको.

सहाव्या दिवशी दुपारी मी तिला अंघोळ घालत होते. फोन वाजला. ओल्या, साबणाच्या हातानं मी पडदा पाहिला. नवव्या बांधाचा आलेख दोन वर्षं सरळ चाललेला. आता तो अडखळत होता. एक ठोका, मग थांबा, मग दोन घाईचे, मग काहीच नाही. धापा टाकणाऱ्या माणसासारखा. मी ठकीला टॉवेलात गुंडाळून तशीच बाहेरच्या खोलीत धावले.

"नाना! हलला!"

नाना उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. बरोबर निघालो म्हणून आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मिनिटाभरात कुलथे मॅडमचा फोन आला. "वाट बंद केली. माणसं निघालीत." मग, "तुमच्या सासऱ्यांना सांगा, सळई जपून ठेवा म्हणावं."

कामगारांनी दुसऱ्या दिवशी बांध उतरवला. वरचे चार दगड काढले आणि आत हात घातला तर हात खांद्यापर्यंत गेला. आत एवढी पोकळी होती की ठकीचा पाळणा मावला असता. तिथल्या मुकादमानं ते शब्द वापरले नाहीत, ते माझे आहेत. तो नुसता म्हणाला, "जूनपर्यंत नसता टिकला." नाना दोरीपाशी उभे होते. त्यांनी माझ्या कडेवरून ठकीला घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

काटेसावर मुळांच्या गोळ्यासकट काढली आणि खालच्या सपाटीवर, बाकाच्या मागं लावली. पानं सगळी गळलेली. नुसती काटेरी काठी. मोमीन सर म्हणाले, "जगण्याची शक्यता पन्नास टक्के." नाना म्हणाले, "तुम्ही पाढेच म्हणा."

पुढच्या महिन्यात तक्रारीच्या नोंदीत एक नवा रकाना आला: 'या जागी लोक रोज काय करतात?' मशीनला हे विचारून उपयोग नसतो, ते माणसांनाच विचारावं लागतं. विश्रांती यादीतले सगळे नंबर पुन्हा उघडले. बिबट्यावाले गृहस्थसुद्धा. त्यांनी पहिल्याच दिवशी फोन केला. माझा खुलासा माझ्या फायलीत लागला, तो तिथंच राहील. आणि टेकड्या आता दुसरा वाचक बघतो. मी बागांवर परत आले.

म्हणून परवा, ठकी खांद्यावर असताना, माझ्या यादीत तक्रार क्रमांक ४९०२ दिसली तेव्हा मला चूक वाटली. वर कुलथे मॅडमचा शेरा होता: 'नियमात बसत नाही. तरी ही तुम्हीच मिटवा.'

मी कानात यंत्र घातलं. मागं वारा होता, आणि खूप लांब मोमीन सरांचं सतरा साते.

"म्हसोबाची टेकडी. खालची सपाटी. बाकाच्या मागं काटेसावर. आज बुंध्याला दोन कोंब आलेत, एक मोठा, एक बारका. पाणी मोजून एक तांब्या, एका माणसाचं. बांध नववा, नवा बांधलेला, ठण्ण वाजतोय. तक्रार अशी, की घरातलं अजून कुणी बघायला आलेलं नाही. विलास हिंगमिरे."

मी भूश्रुतीचा आकडा पाहिला नाही. 'प्रत्यक्ष पाहणी' दाबलं, ठकीला उठवलं आणि तिच्या पायांत मोजे चढवले.